जोंधळ्यातले न बोलणारे फादर

आधीच सांगून टाकतो, मित्रांनो. मी जुना आहे, काळा आहे, लोकरीचा आहे आणि सध्या माझ्या आत कोणीही नाही. मी मूळचा एक झगा आहे. फादर लोक घालतात तो, गळ्यापासून पायांपर्यंत, पुढे बटणांची लांबच लांब रांग असलेला. ही बटणं इतकी, की माझ्या मालकांचं अर्धं तारुण्य ती लावण्यात गेलं आणि अर्धं काढण्यात. मधल्या वेळात त्यांनी देवाचं काम केलं.

माझा जन्म स्पेनमधल्या एका डोंगराळ गावात झाला. ज्या मेंढ्यांची लोकर माझ्यात आहे त्यांना मी कधी भेटलो नाही, पण नगर जिल्ह्याच्या उन्हाळ्याचा त्यांनी अजिबात विचार केलेला नव्हता, एवढं मी खात्रीने सांगतो. शिंपी माप घेत होता तेव्हा छोट्या बेनितोची आई म्हणाली, "जरा लांबच ठेवा. पोरगा अजून वाढेल." पोरगा वाढला नाही. त्यामुळे पुढची सगळी वर्षं फादर बेनितो मला दोन्ही हातांनी वर उचलून चालत राहिले. ओढ्यातून चालल्यासारखे. भर दुष्काळातसुद्धा.

बोटीतून, मग आगगाडीतून, मग बैलगाडीतून आम्ही प्रवरेकाठच्या सोनटेकला आलो. स्पॅनिश फादरांचं मिशन तिथे आमच्याआधीपासून उभं होतं. काळ्या दगडाचं देऊळ (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात), कौलारू शाळा, एक विहीर आणि विहिरीला लागून मिशनची थोडी जमीन. पहिल्याच एप्रिलमध्ये फादर भर दुपारी माझ्यासकट चक्कर येऊन पडले. लोकांनी आम्हा दोघांवर घागर ओतली. नंतर त्यांनी गावातच पांढरे सुती झगे शिवून घेतले आणि माझी नेमणूक फक्त थंडीच्या सकाळींपुरती झाली.

पण त्या सकाळी मोठ्या मानाच्या होत्या. फादर माझ्या उजव्या खिशात मूठभर जोंधळे घालून देवळापासून विहिरीपर्यंत फिरायला निघत. पाखरांना टाकावेत, असा विचार असायचा. ते टाकायचं त्यांच्या लक्षात कधीच राहिलं नाही. पण खिशाला भोक होतं. फादर पुढे चालत आणि मागे चिमण्या, साळुंक्या, होले रांगेने येत. लोक हात जोडून म्हणत, "काय द्येवमानूस हाय, पाखरं बी मागनं चालत्यात!" मला खरं कारण माहीत होतं. पण मला कोणी विचारलं नाही.

मोठी साथ आली तेव्हा थंडी नव्हती, तरी फादरांनी मला पेटीतून काढलं. घरोघरी रात्री जागायच्या होत्या आणि पांघरुणं पुरत नव्हती. एका घरात आई गेली आणि महिन्याभराची पोर राहिली. फादरांनी तिला माझ्यात गुंडाळून मिशनात आणली आणि शेळीच्या दुधावर वाढवली. तिचं नाव ठेवलं फिलोमिना. तिनं माझ्यावर काय काय केलं ते मी इथे लिहीत नाही. लहान मुलं वाचत असतील.

आता ज्या हिवाळ्याची गोष्ट सांगायची आहे तो महायुद्धाच्या वर्षांतला. तोवर फादर बेनितो म्हातारे झाले होते. फिलोमिनाचा नवरा योहान फौजेत ट्रक चालवायला गेला होता आणि मिशनची जमीन ती वाट्याने करत होती. मी पेटीत पडून होतो आणि मला कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागली होती.

कसर लागणं दुखत नाही, मित्रांनो. फक्त आपण हळूहळू कमी होतो.

फादरांचे डोळेही असेच हळूहळू कमी होत होते. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवाळीनंतर एका लग्नात त्यांनी नवरीचा हात नवऱ्याच्या हातात द्यायचा, तो नवरीच्या आत्याचा दिला. पुढचं सगळं लॅटिनमध्ये होतं, त्यामुळे थांबवायचं कुठे ते कोणाला कळेना. शेवटी नवरीनेच आरडाओरडा केला. आत्याबाईंनी हात सोडायला जरा वेळ लावला, असं लोक म्हणतात. मी तिथे नव्हतो.

माझं नशीब फिरलं ते लढाईच्या दिवसांतल्या रेशनमुळे, म्हणजे कंट्रोलमुळे. कापड कंट्रोलवर मिळायचं, म्हणजे मिळायचं नाही. शेतात बुजगावण्याच्या अंगावर सदरा चढवला, की दुसऱ्या दिवशी तोच सदरा गावात कोणाच्या तरी अंगावर बाजाराला जाताना दिसायचा. शेजारच्या बन्सीमामांच्या शेतातलं बुजगावणं लंगोटीवर आलं होतं. मग एका सकाळी तीही गेली. फिलोमिनाने डोकं चालवलं. फादरांचा झगा चोरून तो अंगात घालून फिरणार कोण? मिशनच्या शाळेचे कृपादान मास्तर कसर लागलेले कपडे जाळायला काढत होते. तिनं त्यातून मला मागून घेतलं.

तिनं दोन काठ्या एक उभी, एक आडवी बांधल्या. मिशनमध्ये ही कला सगळ्यांना येते. मला त्यावर चढवलं, आत कडबा भरला, वर मडकं ठेवलं आणि जोंधळ्यात उभं केलं. जिला मी एकेकाळी गुंडाळून आणलं होतं, तिनंच मला काठीवर लावलं. माझी तक्रार नाही. खरं तर पेटीपेक्षा हवा चांगली होती.

पण बुजगावणं म्हणून मी साफ नापास झालो. पाखरं मला ओळखत होती. पहिल्याच सकाळी चिमण्यांनी माझ्या खिशात डोकं घालून पाहिलं. शिवणीत जुने दाणे अडकलेले होते. दुपारपर्यंत माझ्या दोन्ही हातांवर साळुंक्या ओळीने बसल्या.

"पोरी," बन्सीमामा आपल्या माळ्यावरून ओरडले, "तुजं बुजगावनं पाखरास्नी जेवाया बोलावतंय!"

"तुमचं तर उघडंच हुबं हाय, मामा!" फिलोमिनाने आपल्या माळ्यावरून उत्तर दिलं. "पाखरं लाजून जात्यात तिकडनं!"

माळा म्हणजे चार खांबांवर उभी केलेली मचाण. जोंधळा दुधात आला, की दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तिच्यावर उभं राहून राखण करायची. हातात गोफण, शेजारी दगडांचा ढीग, आणि तोंड सतत चालू. सोनटेकात राखणीची रीत अशी, की पाखराला नाव घेऊन शिव्या द्यायच्या. नुसतं 'हाऽ हाऽ' केलं तर ते शेजारच्याला लागू होतं असं पाखराला वाटतं, म्हणे.

आणि शिव्यांचा मोठा वाटा भोरड्यांचा. ही गुलाबी-काळी पाखरं थंडीत दूरदेशाहून हजारोंच्या थव्याने येतात आणि शेतावर उतरली, की मागे नुसती चिपाडं राहतात. फादर बेनितोंना जगात सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर ती भोरडी. फिलोमिनाला जगात सगळ्यात जास्त कशाचा राग असेल, तर भोरडीचाच. या एका विषयावर दोघं बोलणं टाळत.

आता एक गोष्ट फक्त मला माहीत होती. मिशनच्या ओसरीवरून फादरांना मी दिसायचो. म्हणजे एक काळा, उंच, अंधुक फादर दिसायचा. जोंधळ्यात उभा. सकाळी उभा, संध्याकाळीही उभा. त्यांनी ठरवलं, की पुण्याहून, म्हणजे मिशनच्या वरच्या कचेरीतून, आपल्यावर नजर ठेवायला कोणीतरी पाठवलं आहे. भीतीपोटी त्यांनी याबद्दल कोणाला विचारलं नाही. ते रोज सकाळी बांधापर्यंत येत, माझ्यासमोर अदबीने वाकत आणि लगबगीने परत जात. वारा असला की मीही थोडा वाकायचो. त्यामुळे गैरसमज वाढला.

एकदा त्यांनी माझ्यासाठी बांधावर दोन पेरू ठेवले. दुसऱ्या दिवशी काठीने चाचपून पाहिलं, पेरू नव्हते. फादर समाधानाने परतले. ते पेरू कोणी खाल्ले हे मी पाहिलं होतं, पण माझं तोंड मडक्याचं होतं.

मग एका दुपारी कृपादान मास्तर घामाघूम होऊन शेतात आले आणि नेमके माझ्या सावलीत उभे राहिले.

"फिलोमिना, खाली उतर. पुण्याहून मोठे फादर येताहेत. येत्या मंगळवारी."

"कशापायी?"

"त्या लग्नाची बातमी तिकडे पोचली."

बन्सीमामा बांधावर येऊन बसलेच होते. "आत्याबाय अजून त्या पोराची वाट बगती म्हनत्यात," ते म्हणाले.

"मामा, हसण्यावारी नेऊ नका," मास्तर म्हणाले. "फादरांना दिसत नाही असं ठरलं तर त्यांना घेऊन जातील. आणि लढाईमुळे तिकडून नवे फादर यायचे बंद झालेत. इथे दुसरं कोणी येणार नाही. मिशनला कुलूप लागेल आणि शाळेलाही."

फिलोमिनाने गोफण गळ्यात टाकली. "आन फादरबाबास्नी कुटं ठिवनार?"

"पुण्याला. म्हाताऱ्या फादरांचं घर आहे. खाट मिळते, औषध मिळतं."

"पाखरं?"

मास्तरांनी विचार केला. ते खोटं बोलत नसत. "कावळे असतील," ते म्हणाले.

 माझ्या खांद्यावरची चिमणी उडून गेली.

"फादर सकाळपासून ओसरीत बसून आहेत," मास्तर पुढे म्हणाले. "ते आणि मोठे फादर लहानपणी एका शाळेत होते. दोघं मिळून रानात पाखरं बघत हिंडायचे. मला म्हणाले, तो मला डोळ्यांचं विचारायचाच नाही. तो म्हणेल, चल बेनितो, पाखरं बघायला जाऊ."

"मंग जाऊ द्या की," फिलोमिना म्हणाली.

"अगं, पण दिसायला नको का?"

"आमी काय मुके हाय? पाखरू आलं की आमी वरडतोच. नाव घिऊन वरडतो. फादरबाबांचं कान तर शाबूत हायेत."

"आन कुटं बसलंय त्ये बी सांगू," बन्सीमामा म्हणाले. "लई झ्याक! मला बी दोन पाखरं द्या."

"हे खोटं बोलल्यासारखं होईल," मास्तर हळूच म्हणाले.

"खोटं कुटलं? पाखरू खरंच बसल्यालं आसंल."

मास्तर बराच वेळ धर्माच्या बाजूने विचार करत उभे राहिले. मग शाळेच्या बाजूने विचार करून निघून गेले.

मंगळवारी सकाळी धुकं विरल्यावर दोघं फादर शेताच्या वाटेने आले. मोठे फादर खरंच मोठे होते. उंच, पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण. शेजारी आमचे फादर सवयीने झगा वर उचलून चालत होते, जरी आताचा झगा मापाचा होता. मास्तर मागून येत होते, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्याचा भाव. दोघं फादर स्पॅनिशमध्ये बोलत होते. तुम्ही विचाराल, तुला कसं कळलं? मित्रांनो, ती माझी मातृभाषा आहे.

"ही घे," मोठे फादर दुर्बीण पुढे करत म्हणाले.

"तुलाच राहू दे," फादर बेनितो म्हणाले. "मला लागत नाही."

तेवढ्यात फिलोमिनाचा आवाज आला. "आगं ए टिटवे! वाटंच्या डाव्या अंगाला नांगरटीत बसून कुनाची उनीदुनी काडतीस गं, भवाने!"

फादर बेनितो थबकले. त्यांना कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं. पण ते चाळीस वर्षं सोनटेकात राहिले होते. इथे टिटवीला तिचा पत्ता सांगून शिव्या देत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. ते क्षणभर माळ्याच्या दिशेने तोंड करून उभे राहिले. मग शांतपणे डावीकडे वळले.

"टिटवी," ते म्हणाले. "नांगरटीत."

मोठ्या फादरांनी दुर्बीण लावली. "बरोबर."

आता बन्सीमामांची पाळी होती. "आरं ए कोतवाला! बाभळीच्या शेंड्यावर बसून दुफाटं शेपूट हालीवतोस, लाज हाय का न्हाई!"

"बाभळीवर कोतवाल. शेपटी दुभंगलेली."

"इथून शेपटी दिसते तुला?"

"सवय," फादर बेनितो म्हणाले.

"ए खंड्या! हिरीच्या थारोळ्यावरनं ऊठ! ऊठ म्हन्ते ना!"

"विहिरीवर खंड्या."

मोठे फादर दुर्बीण खाली घेऊन मास्तरांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "खंड्या मासे खातो. बेडूक खातो. त्याला ज्वारीतून का हाकलतात?"

मास्तरांच्या कपाळावर घाम आला. "खबरदारी म्हणून, फादर."

असं बराच वेळ छान चाललं. होले झाले, राघू झाले, एक बगळा झाला. "ए चंडोला, लेका पार ढगात गेलास, मला बी दिसंनास!" असं बन्सीमामा ओरडले, तेव्हा फादरांनी वर बोट दाखवून "चंडोल, फार उंच" असं सांगितलं. मोठ्या फादरांनी मान दुखेपर्यंत शोधलं आणि म्हणाले, "तुझी नजर माझ्याहून चांगली आहे." मास्तरांनी गुपचूप क्रूसाची खूण केली.

पण यशामुळे माणूस बिघडतो. बन्सीमामांना राहवेना.

"ए मोरा!" ते गरजले. "फादरम्होरं पिसारा फुलवून नाचतुयास व्हय रं!"

मोर नव्हता. त्या पंचक्रोशीतच नव्हता. सूंऽ करून फिलोमिनाच्या गोफणीतलं ढेकूळ बन्सीमामांच्या माळ्याच्या खांबावर फुटलं.

"मामा! जे न्हाई त्ये सांगू नगा! आदीच मास्तर म्हनत्यात खोटं बोलू नगा!"

"त्या बाई काय म्हणाल्या?" मोठ्या फादरांनी विचारलं.

"मोर उडून गेला म्हणतात," मास्तर म्हणाले. सकाळभरातलं त्यांचं हे पहिलं संपूर्ण खोटं. ते बोलल्यावर त्यांनी बांधाचा आधार घेतला.

फादर बेनितो हे सगळं ऐकत होते. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. माझ्यात असताना त्यांचा चेहरा मला कधी दिसला नव्हता, कारण मी खाली होतो. ते हसत नव्हते. ज्याच्यासाठी सगळी आळी खोटी साक्ष देत असते, त्या माणसासारखा त्यांचा चेहरा होता.

"बेनितो," मोठे फादर म्हणाले, "इतकी वर्षं तू म्हणतोस, एकदा ये आणि आमची गुलाबी पाखरं बघ. तेवढी दाखव. मग आपण बोलू."

फिलोमिनाला स्पॅनिश कळत नव्हती. पण त्याच वेळी उगवतीकडून जो आवाज यायला लागला, तो तिला कोणत्याही भाषेत कळला असता. तिनं पटकन गोफणीत दगड घातला.

आणि मग तिनं फादरांकडे पाहिलं.

फादर बेनितोंनी मान वर केली होती. काठी खाली पडली होती. ते डोळ्यांनी नाही, सगळ्या अंगाने बघत होते.

"हान की पोरी!" बन्सीमामा ओरडले. "भोरड्या आल्या! हान!"

"गप बसा, मामा."

"आगं जवारी जाईल!"

"गप बसा म्हन्लं ना."

तिची गोफण खाली होती. त्या हाताला असं थांबायची सवय नव्हती. योहान परत येईपर्यंत घरात खायचं जे काही होतं ते त्या शेतात उभं होतं. आणि थवा आला. आधी धुरासारखा, मग चादरीसारखा, मग एका अंगाने वळला तेव्हा सगळा गुलाबी झाला. हजारो पंखांचा आवाज माझ्या शिवणीशिवणीतून गेला. या पाखरांसाठी कोणी ओरडलं नाही. तरी फादरांचं बोट थव्याबरोबर अचूक फिरत होतं.

"आता वळतील," ते म्हणत होते. "वळल्या. आता विहिरीवरून. आता खाली. बघ, बघ, उतरल्या!"

उतरल्या. जोंधळ्यावर उतरल्या, कणसाकणसावर. आणि माझ्यावर. हातांवर, मडक्यावर, खिशावर. मी वाकलो तरी उठेनात.

माळ्यावरून फिलोमिनाचा आवाज आला. फार बारीक.

"फादरबाबा, बघून झालं का? हानू का आता?"

"जरा थांब, फिलोमिना," फादर मराठीत म्हणाले.

ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. ती प्रार्थना नव्हती.

फादर आपल्या मित्राकडे वळले. आनंदात माणूस सावध राहत नाही. "तुझ्या माणसाबद्दल एक सांगतो," ते स्पॅनिशमध्ये म्हणाले. "तो माझ्याशी बोलत नाही. माझे पेरू खाल्ले, आभार मानले नाहीत. पण पाखरांचा त्याच्यावर विश्वास बसलाय. किती स्थिर उभा आहे बघ."

"कोणता माणूस?"

"तू पाठवलेला. माझ्यावर नजर ठेवायला. तो काय, जोंधळ्यात उभा."

मोठ्या फादरांनी दुर्बीण लावली आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं, जितकं मडक्याला जमतं तितकं. मग त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि सकाळपासून मराठीचं एक अक्षर न बोललेला तो माणूस स्वच्छ मराठीत म्हणाला, "बाई, हाकला त्यांना. तुमचं पीक चाललंय."

दगड सुटला. शेतच्या शेत हवेत उडाल्यासारखं झालं. बन्सीमामा डबा बडवत सुटले. पाखरं गेल्यावर एकदम इतकी शांतता झाली, की मास्तर खाली बसल्याचा आवाज आला.

"आपल्याला मराठी येते?" मास्तरांनी विचारलं.

"तरुणपणी पाथर्डीकडे होतो," मोठे फादर म्हणाले. "टिटवीपासून सगळं समजतंय. खंड्याचं कारण मात्र मला आवडलं." मग ते मित्राच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेनितो, ते बुजगावणं आहे."

फादर बेनितोंनी माझ्याकडे तोंड वळवलं. वाऱ्याने मी नेमका त्याच वेळी वाकलो. मला वाकायचं नव्हतं.

"मग पेरू कोणी खाल्ले?" त्यांनी विचारलं.

बन्सीमामा आभाळातला चंडोल शोधू लागले.

"बरं," फादर म्हणाले, आणि सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणाले. "मला दोन वर्षांपासून दिसत नाही. उजेड दिसतो, सावली दिसते. तुम्ही सगळ्यांनी फार छान पाखरं दाखवली. माझी पेटी लहान आहे, भरायला वेळ लागणार नाही."

फिलोमिना माळ्यावरून उतरली. गोफण गळ्यात, केसांत कडबा, पाय मातीने भरलेले. ती मोठ्या फादरांच्या समोर उभी राहिली आणि तिनं माझ्याकडे बोट केलं.

"त्याला तर डोळंच न्हाईत, फादर. डोकं मडक्याचं हाय, पोटात कडबा. पाखरं त्याला भ्यायची सोडून अंगावर बसत्यात. तरी आमी त्याला कामावरनं काडलं न्हाई. आन तुमी ह्यास्नी काडताय?"

"फिलोमिना!" मास्तर दचकले. "फादरांची बरोबरी बुजगावण्याशी..."

"असू द्या, मास्तर," मोठे फादर म्हणाले. त्यांनी मला पुन्हा निरखलं. "पण बाई, मग त्याचा उपयोग काय?"

फिलोमिनाने याचा विचार केलेला नव्हता. ती जरा गोंधळली. पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

"हुबा ऱ्हातो," ती म्हणाली. "सकाळी उठून भाईर आलं की दिसतो. शेत मोकळं न्हाई आसं वाटतं."

मोठे फादर बांधावर जाऊन बसले. बन्सीमामांनी न सांगता त्यांना हुरड्याची कणसं भाजून आणून दिली. बहुतेक पेरूंचं प्रायश्चित्त असावं. खाऊन झाल्यावर त्यांनी तळहात झटकले. डोळे गेलेल्या फादरांना परवानगी मिळाली तर पाठ असलेली एकच मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, रोज म्हणता येते, ते म्हणाले. ती परवानगी ते स्वतः मागणार होते. वरच्यांना काय सांगायचं ते त्यांच्याकडे लागलं. मिशनला कुलूप नाही, शाळेला नाही, बेनितोही इथेच. फक्त यापुढे लग्न लागताना कोणाच्या हातात कोणाचा हात आहे, ते मास्तरांनी जवळ जाऊन तपासायचं.

"जवळ जाऊन," त्यांनी पुन्हा सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली.

 फादर बेनितो चाचपडत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी हात पुढे केला. हाताला आधी मडकं लागलं, मग गळा, मग बटणं. त्यांची बोटं बटणांवरून एकेक करत खाली उतरत गेली. मी किती लांब आहे ते त्यांना कळलं. त्यांनी मला ओळखलं असं मी तुम्हांला छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते खाली वाकले, त्यांनी माझा घोळ मातीतून वर उचलला, झटकला आणि नीट सोडला.

झगा म्हणून माझं आयुष्य तिथे संपलं. सुगी झाल्यावर फिलोमिनाने मला काठीवरून उतरवलं, कसरीने खाल्लेला भाग कापून टाकला आणि उरलेल्याचं बसकर शिवलं. त्यावर कोण बसतं ते सांगितलं पाहिजे. भोरड्या आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं फादरबाबांना हाताला धरून माळ्यावर चढवलं होतं. राखणीला. "तुमास्नी लांबनं ऐकू येतं. आल्या की सांगायचं," ती म्हणाली. तेव्हापासून दर थंडीत फादर दिवसभर माळ्यावर बसतात, कान उगवतीकडे लावून. थवा पाथर्डीच्या अंगाला असला तरी त्यांना कळतो. त्यांचा श्वास बदलतो, ते मला खाली बसल्या बसल्या समजतं. "आल्या!" असं मात्र ते जरा उशिरानेच ओरडतात. तोवर दोन-चार वाफे फस्त झालेले असतात.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचे डोळे गेले असतील, कान गेले असतील, किंवा कोणाला कसर लागली असेल, तर त्यांना पेटीत घालून ठेवू नका. पुण्याच्या खाटेवरही नको. त्यांना काहीतरी काम द्या. चांगलं उंचावरचं, वारं लागेल असं. आणि एवढं करा, की ते काम ते नीट करतात का, हे बघू नका.

फिलोमिना बघत नाही. फादर ओरडले, की ती गोफण उचलते आणि म्हणते, "लई येळेवर सांगितलंत बगा, फादरबाबा."